कोपरे झिजलेल्या विटा

नाना, तुमच्या विटा मी फोटोत ओळखल्या. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही. डायरीत तुम्ही येता तेही तिसऱ्याच माणसासारखे, ‘नाना असं म्हणायचे’ असे. आज थेट तुम्हालाच लिहितेय, कारण मला जे विचारायचंय त्याचं उत्तर फक्त दोन माणसांकडं आहे आणि त्यातल्या जिवंत माणसावर माझा विश्वास नाही.

आधी माझं काम सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा असं काम नव्हतं. सरकारी खर्चानं जे लोक गवंडीकाम शिकतात ते वर्षभरानंतर त्याच कामात आहेत की नाही, हे जाऊन बघायचं. तुम्ही शिकवायचात, मी शिकवल्याचं पुढं काय झालं ते मोजते. एक छापील तक्ता असतो, प्रत्येकाच्या नावापुढं ‘कामावर’ किंवा ‘कामावर नाही’ अशी खूण करायची, पुरावा म्हणून कामाच्या जागेवरचा फोटो लावायचा आणि शेवटी सही. ठरवून दिलेल्या प्रमाणाइतके लोक कामावर निघाले तर त्या केंद्राला पुढची तुकडी मिळते, नाही तर वर्ग बंद होतो. यंदा माझ्याकडं आलेलं केंद्र तुमचंच होतं. जागा तीच, अंगण तेच, वर फक्त पत्र्याची शेड झालीय. शिकवणारा माणूसही तुमचाच विद्यार्थी, जो मी आठवीत असताना आपल्या घरी जेवायला यायचा. तो आता पन्नाशीपुढं गेलाय आणि कंत्राटावर आहे. तुकडी मिळाली तर वर्षभर नोकरी, नाही मिळाली तर घरी.

यादीत चोवीस जण होते. तेवीस कामावर, एक बाई कामावर नाही. मला पहिला संशय आला तो या तेवीसचाच. तुम्ही म्हणायचात, बारा जण शिकवले की चार मिस्त्री होतात, चार बिगारी राहतात आणि चार पुन्हा दिसत नाहीत. ते ऐकत मी वाढले आणि इथं एक सोडून सगळेच मिस्त्री. मग मी फोटो उघडले. प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी टोपी, हातात थापी, मागं विटांची अर्धी भिंत. खाली गावं वेगवेगळी लिहिलेली, कुणी पेडगावचा, कुणी पिंगळीचा. सातवा की आठवा फोटो मोठा करून बघताना माझं लक्ष माणसावरून भिंतीवर गेलं आणि तिथंच थांबलं. त्या विटांचे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते.

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तुमच्या वर्गात भिंत सिमेंटात नाही, चिखलात बांधायची, म्हणजे विटा पुन्हा वापरता येतात. दुपारपर्यंत भिंत उभी करायची, तुम्ही कोपऱ्याला गुण्या लावायचात, ओळंब्याचं लोंबतं वजन स्थिर झालं की भिंत सरळ आहे का बघायचात आणि मग ती उतरवायची. ‘पाडा’ असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, ‘उतरवा’ म्हणायचात. एकेक वीट सोडवून, खरवडून, धुऊन थप्पी लावायची. त्याच विटा वर्षानुवर्षं. त्यातल्या आठ आपल्या घरी आल्या. तुम्ही सायकलला पोतं बांधून त्या आणल्या, परसात पुन्हा धुतल्या आणि दोन फळ्यांखाली उभ्या लावून मला पुस्तकांचं कपाट करून दिलं. ते अजून माझ्या खोलीत आहे. पुस्तक काढताना रोज बोट त्या गोल कोपऱ्यावरून जातं. त्या विटा सरकारी होत्या आणि त्या तुम्ही कुणाला विचारून आणल्या, हे मी तेव्हा विचारलं नाही. मोठी झाल्यावर विचारायचं मनात आलं, धीर झाला नाही.

मी केंद्रावर गेले तेव्हा तुमचा विद्यार्थी दारापर्यंत आला. “या ताई. सरांची लेक तपासणीला आली म्हणल्यावर आमी निवांत.” या वाक्यानं मी आणखी सावध झाले. मी निवांत व्हावं म्हणून तो बोलला की तो खरंच निवांत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यानं चहा मागवला, तुमच्या आठवणी काढल्या, थापी धरताना अंगठा वर ठेवला की तुम्ही कसे बोटावर पट्टी मारायचात ते करून दाखवलं. मी ऐकून घेतलं, फोटो टेबलावर मांडले आणि पिंगळीच्या फोटोवर बोट ठेवून, या विटा कुठल्या भट्टीच्या आहेत, असं विचारलं. त्यानं फोटो हातात घेतला. मग हसला.

“तुमच्यापुढं काय लपतंय. आपल्याच हायत.”

मग त्यानं सगळं सांगितलं. लोक कामाला जातात, पण ठेकेदार फोटो काढू देत नाही. फोटो निघाला की कामगारांची नोंद कुठं आहे, विमा कुठं आहे, असं कुणीतरी विचारील ही त्याला भीती. शिवाय आज वसमत रोडला असलेला माणूस उद्या नांदेडला असतो, त्याच्यामागं कॅमेरा घेऊन कोण फिरणार? म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्यानं सगळ्यांना अंगणात बोलावलं, चिखलाची भिंत उभी केली आणि प्रत्येकाला तिच्यापुढं उभं करून गावं घातली. “काम खरं हाय ताई. फोटो तेवढा खोटा हाय.” मग एकच बाई कामावर नाही ती का, असं मी विचारलं. एवढं केलं तर तिचाही फोटो काढता आला असता. तो म्हणाला, तिला निरोप दिला होता. तिनं उलटा निरोप धाडला की, उतरवायच्या भिंतीम्होरं मी उभी राहत न्हाई, बघायचंच आसल तर पोखर्णीला या म्हणावं. याला पोखर्णीला जायला झालं नाही, म्हणून त्यानं ‘कामावर नाही’ लिहिलं. तेवीस खोट्या फोटोंत ही एकच नोंद खोट्या फोटोवाचूनची, आणि तीही आळसातून आलेली.

मी उठायला लागले तेव्हा तो जरा हळू आवाजात म्हणाला, “मुआयन्याच्या दिवशी तुमी बी माझ्यासाठी बोलला व्हता, ताई.”

मी पुन्हा बसले. हे उपकाराचं आठवणं होतं की मला घातलेला लगाम, ते मला आजही ठरवता येत नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. विभागाचे साहेब तपासणीला येणार होते आणि शिकून गेलेली माणसं कामाला लागली का, हे तेव्हाही बघायचं होतं. तुम्ही जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं आणि त्यांची जेवणं आपल्या घरी ठेवलीत. आई पहाटेपासून भाकरी थापतेय, चुलीवर पिठल्याचं पातेलं आहे, लसणाची चटणी मी वाटलीय आणि हाताला आग सुटलीय. माणसं न्हाणीपाशी हात धुऊन रांगेनं बसतायत. मी वाढतेय. हा कोपऱ्यात बसलाय, आणि याला मी दोन-तीन दिवसांपूर्वीच मोंढ्यात पाठीवर धान्याचं पोतं घेऊन हमाली करताना पाहिलंय. चटणी वाढता वाढता मी विचारते, तुम्ही आता मोंढ्यात असता ना? तुम्ही पलीकडून माझ्याकडं न बघता म्हणता, “जेवायला आलेल्या माणसाला कामाचं विचारू नये.”

तेव्हा मला ती रीतभात वाटली आणि मी लाजले. पुढं कधीतरी, या कामाला लागल्यावर, मला ते झाकणं वाटायला लागलं. दुपारी अंगणात साहेब एकेकाला विचारत चालले होते. मी तुमचं रजिस्टर धरून उभी होते. याच्यापाशी ते थांबले आणि चेष्टेत मलाच म्हणाले, काय गं, हा कुठं असतो कामाला? मी म्हणाले, गंगाखेड रोडला, तिथं एका घराचं बांधकाम चाललंय. साहेबांनी मान हलवली, खूण केली आणि पुढं गेले. तुम्ही ओळंब्याकडं बघत होतात. त्या दिवसाबद्दल माझ्या शाळेतल्या डायरीत एकच ओळ आहे: ‘नानांनी आज मला खोटं बोलायला लावलं.’ त्याच आठवड्यात तुम्ही विटा आणल्या. पुढं पुस्तकं वाढली, कपाट भरलं, आणि ते कपाट म्हणजे त्या खोट्याचं बक्षीस आहे, असं मी मनात धरून ठेवलं.

मी तुमच्या विद्यार्थ्याला विचारलं की, मग तुम्ही मिस्त्री केव्हा झालात?

तो म्हणाला, “दुसऱ्या दिवशी सकाळीच सर मोंढ्यात आले. माझ्या पाठीवरचं पोतं खाली ठिवलं. म्हणले, चल गंगाखेड रोडला. पोरीचं बोलणं खरं कर.”

नाना, हे वाक्य मला इतकं आवडलं की मला त्याचा लगेच संशय आला. ज्याची नोकरी माझ्या सहीवर आहे त्या माणसानं माझ्यापुढं नेमकं हेच बोलायला हवं होतं. गंगाखेड रोडला खरंच एखादं घर बांधत होते का? मी तर ते तोंडाला येईल तसं बोलले होते. तुम्ही कुणाच्या पाया पडून याला तिथं लावलंत, की हे सगळं त्यानं चहा येईपर्यंत जुळवलं? घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, गेले असतील, ते कुठं काय सांगायचे. तिला आठवत नाही. म्हणजे उरलात तुम्ही आणि तो.

मी सगळे फोटो बाद केले. तसं त्याला सांगितलं आणि स्वतः एकेका माणसाला शोधत फिरले. पाच-सहा जण फोनवरच कबूल झाले की त्यांनी थापी सोडलीय. एकानं टमटम घेतलीय, एक जण पुण्याला गोदामात आहे. बाकीच्यांना मी काम करताना पाहिलं. पेडगावला एक जण भिंतीलगतच्या बांबूच्या पहाडावरून खालीच उतरेना, वरूनच म्हणाला, “ताई, माल वाळायलाय, तुमी बोला, मी लिंपतो.” आमच्याकडं अंगठ्याचं यंत्र असतं. त्यावर अंगठा ठेवला आणि तो ओळखला की माणूस पक्का धरायचा. टमटमवाला नंतर स्टँडवर भेटला, त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला, कारण तो वर्षभर सिमेंटला शिवला नव्हता. पेडगावच्या माणसाचा चार वेळा पुसूनही लागला नाही. तुमची बोटं आठवली, कागदासारखी गुळगुळीत, कचेरीत शाईचा अंगठा उठवलात तर कागदावर नुसता डाग पडायचा. खऱ्या गवंड्यांच्या नावापुढं यंत्र ‘ओळख पटली नाही’ म्हणत होतं, म्हणून त्यांच्या भिंती मी स्वतः बघितल्या आणि हातानं लिहिलं. मला त्यात थोडा गर्व वाटला, हेही खरं. आपल्याला यंत्रापेक्षा जास्त कळतं, असा.

तीन आठवड्यांनी बेरीज केली तर प्रमाणाला एक माणूस कमी पडत होता. एकच. आणि बघायची राहिली होती पोखर्णीची बाई.

नृसिंहाच्या देवळाच्या पुढं, गावाच्या कडेला तिचं घर आहे. पस्तिशीची असेल. दारात सोयाबीनचा भुसा पडलेला, आत दोन पेट्या बांधून ठेवलेल्या, कारण दिवाळी झाली की ती आणि नवरा ऊसतोडीला जाणार. मी कोण, कशाला आले, हे तिनं विचारलंच नाही. मीच सांगायला लागले तर म्हणाली, “चहा घ्या आधी. सर म्हणायचे, खायाप्यायाला बसलेल्या माणसाला कामाचं इचारू न्हाई.” तुमचं वाक्य तुमच्या विद्यार्थ्याकडून तिच्याकडं आलं होतं. त्यानं काय पुढं दिलं, तुमची रीत की तुमची पळवाट, याचा मी तो चहा संपेपर्यंत विचार करत होते. तिला मात्र त्यात पळवाट दिसत नव्हती. ती सरळ पाहुणचार करत होती.

मग तिनं शेजारच्या घराचं नवं स्वयंपाकघर दाखवलं, एकटीनं बांधलेलं. मी ओळंबा मागितला. तिनं तो भिंतीला लावला आणि मी वाकून बघायला लागले तशी म्हणाली, “थांबू द्या की त्याला, हलायलाय अजून.” भिंत वरपासून खालपर्यंत सरळ होती. कोपऱ्यावरून मी तळहात फिरवला. नाना, तुम्ही त्या कोपऱ्याला दहापैकी नऊ दिले असते, दहा तुम्ही कुणालाच देत नव्हता. तिचा अंगठा यंत्रानं ओळखला नाही. मी मनात म्हणाले, हा सिमेंटचा अंगठा. तिनं माझा चेहरा वाचला बहुतेक. हसून म्हणाली, “ह्यो कोयत्यानं गेला का सिमेटानं, त्या डबड्याला काय ठावं?” माझी परीक्षाही तिनं उतरवून ठेवली.

राहिला तक्त्यातला प्रश्न. मागच्या तीस दिवसांत मजुरी घेऊन बांधकाम केलं का? ती म्हणाली, “मजुरी कशाची, ताई? सावडीचं काम हाय. मी त्यांची भित बांधली, त्यांनी माझं सोयाबीन काढलं.” मी तक्ता पुढं ओढला. मग, मजुरी नाही असंच लिहावं लागेल, असं म्हणाले. असं लिहिलं तर वर्ग बंद पडेल, हे मी तिला सांगितलं नाही.

“न्हाई तर न्हाई,” ती म्हणाली. “खोटं कशाला लिवता?”

दोन दिवस तक्ता टेबलावर होता. नियमानं ती कामावर नव्हती. माझ्या डोळ्यांनी त्या यादीतली सगळ्यात चांगली मिस्त्री तीच होती. मी स्वतःला विचारलं की, हे मला तिच्या भिंतीमुळं वाटतंय की तुमच्या वाक्यामुळं? वर्ग वाचवायचाय तो शिकणाऱ्यांसाठी, की ज्या माणसासाठी मी एकदा खोटं बोलले तो अजून मिस्त्रीच राहावा म्हणून? मी ‘होय’वर खूण केली. ‘प्रशिक्षकाशी पूर्वओळख’ या रकान्यात लिहिलं: आहे, वडिलांचे विद्यार्थी. फोटो बाद का केले ते वेगळ्या कागदावर लिहिलं. विटा कशावरून ओळखल्या, तिथं ‘कोपऱ्यांवरून’ एवढंच लिहिलं. अहवाल पाठवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोखर्णीला फोन लावून विचारलं की, माझ्या परसातली कुंपणाची भिंत पावसात ढासळलीय, जायच्या आधी मजुरीनं बांधून द्याल का?

ती आली. दोन दिवसांत भिंत उभी केली. गल्लीच्या तोंडावर मिस्त्री बसलेले असताना आपल्याला एवढ्या लांबून का बोलावलं, हे तिनं एकदा विचारलं आणि मी तुमचं काम आवडलं म्हणाले. शेवटच्या थराला थोड्या विटा कमी पडल्या. पाणी प्यायला आत आली तेव्हा तिला कपाट दिसलं. वाकून तिनं एका विटेच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “ही तर शिकायची वीट हाय. हिकडं कशी?” वडिलांनी आणली, असं मी सांगितलं. कमी पडतायत तर या घ्या, असंही म्हणाले. बोलताना मला खरंच वाटलं की त्या एकदाच्या घरातून जाव्यात. तिनं मान हलवली. म्हणाली, या भिंतीत चालत नाहीत, कोपरा धरत नाहीत, राहू द्या पुस्तकांखाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून नव्या चार विटा तिनंच निवडून आणल्या.

आता ती उसाला गेलीय. परसातली भिंत सरळ आहे, मी रोज बघते. अहवालावरची तारीख भिंतीच्या आधीची आहे, म्हणजे ज्या दिवशी मी खूण केली त्या दिवशी ते खोटंच होतं. तुमच्या विद्यार्थ्याचा फोन आला होता, पुढची तुकडी मिळाली म्हणून. आभार मानताना त्याचा आवाज जड झाला आणि मी तो जडपणाही कान देऊन तपासला. गंगाखेड रोडची गोष्ट खरी आहे का, हे पुन्हा विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही.

हे पत्र कपाटात खालच्या फळीवर, तुमच्या जुन्या रजिस्टरच्या आत ठेवणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट लिहून टाकते. काल ती शाळेतली डायरी काढली आणि ती एक ओळ पुन्हा वाचली. आईलाही मी इतकी वर्षं तेच सांगत आले. त्या दुपारी साहेबांनी मला विचारलं तेव्हा तुम्ही मला काही सांगितलेलं नव्हतं, नाना. डोळ्यांनी खुणावलंही नव्हतं. तुम्ही ओळंबा थांबायची वाट बघत होतात, आणि मी आपल्या मनानंच बोलले.